रिकाम्या फोल्डरची नक्कल

दर सोमवारी सकाळी मी ऑफिसच्या ग्रुपवर एक सूचना टाकते. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीतल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणारे आम्ही सहा जण आहोत, त्यांच्यासाठी म्हणून हे सुरू केलं होतं. जुन्या लॉग फाइल आपोआप कशा आवरायच्या, डिस्क भरत आली की आधी कुठे बघायचं, पासवर्ड स्क्रिप्टमध्ये का लिहून ठेवू नये, असलं सगळं. सूचना सरकत सरकत इतर कंपन्यांतही पोचल्या. कोण कुठला शेषाद्री मला 'मॅडम, तुमच्या टिपमुळे माझी नोकरी वाचली' असा मेसेज पाठवतो आणि मी तो दोनदा वाचते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझी आई मला लहानपणापासून ऐकवत आली आहे. तिला सर्व्हरमधलं काही कळत नाही, पण मी मात्र पुरती कळते.

मी मूळची साताऱ्याची, नाव प्राची. चेन्नईत येऊन अकरा वर्षं झाली. त्यातली सात मी मैलापूरला बालाजीरावांच्या घरात वरच्या मजल्यावर राहते आहे. बालाजीराव तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ब्याऐंशी. मी त्यांना काका म्हणते. खाली ते आणि त्यांची सून नंदिता, जी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे. मुलगा रघु जहाजावर असतो, वर्षातून दोन महिने घरी येतो. चेन्नईत मराठी घर मिळालं म्हणून मी हरखून गेले होते, आणि पहिल्याच दिवशी कळलं की यांची मराठी माझ्या मराठीची पणजी आहे. काका 'येतों', 'जातों' म्हणायचे, मध्येच तमिळमध्ये शिरायचे आणि परत येताना माझ्या तोंडाकडे बघून हसायचे.

पाच वर्षांपूर्वी काकांना आईच्या अंगाईची दुसरी ओळ आठवेना. दिवसभर ते घरात फेऱ्या घालत होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे सांगायचं ते सांगितलं. हळूहळू जाईल, पण जाईल. दुसऱ्या दिवशी ओळ आठवली तेव्हा काकांनी आधी नंदिताला हाक मारली आणि फोन आणायला सांगितला.

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी दिवे लागले की नंदिता फोन घेऊन त्यांच्यासमोर बसायची. ती विचारायची, ते बोलायचे. अंगाया, कोडी, आजीच्या ठेवणीतल्या शिव्या, श्राद्धाच्या स्वयंपाकात काय आधी आणि काय मागून, तंजावरच्या घरात कोण कोणाला काय म्हणून हाक मारायचं. तासतासभर चालायचं. चार वर्षांत पाचशे बारा रेकॉर्डिंग झाली. "माझें डोकें रिकामें होत चाललें आहे प्राची," ते मला म्हणायचे, "तोंवर हें इथें भरून ठेव."

आता असं कोणी म्हटल्यावर माझ्यासारखी बाई गप्प बसणार आहे थोडीच! मी उडीच मारली. काकांच्या कॉम्प्युटरला एक तळहाताएवढी डिस्क जोडून दिली. फोन भरला की रेकॉर्डिंग डिस्कवर टाकायची आणि फोन रिकामा करून द्यायचा, हे माझं काम. क्लाउडवर ठेवू या म्हटलं तर काका नाही म्हणाले. घरातलं बोलणं परक्याच्या माळ्यावर कशाला? मग मी वरच्या माझ्या जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केला, खिडकीतून खाली एक निळी केबल सोडली आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. रोज दुपारी तीन वाजता, काका झोपलेले असताना, ती खालची डिस्क बघायची आणि तिची हुबेहूब नक्कल वर करायची. खाली नवीन आलं की वर आणायचं, खालून काढलेलं वरूनही काढायचं. झालं की मला 'सगळं ठीक' अशी मेल. महिनाभर त्या मेल वाचल्या, मग कंटाळा आला आणि त्या आपोआप एका बाजूच्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली.

या प्रकारच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालायची असते. नक्कल करण्याआधी मूळ डिस्क जागेवर आहे का ते तपास, नसेल तर काही करू नकोस, एवढीच. कारण डिस्क काढली तरी ती जिथे जोडली जाते ते फोल्डर तिथेच राहतं, फक्त रिकामं. स्क्रिप्टला वाटतं, मालकाने सगळं काढलेलं दिसतंय. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, आणि ती अक्कल म्हणजे ही एक ओळ. कारखान्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये मी ती घातली आहे. एका सोमवारी ती सूचना म्हणून टाकली तेव्हा सर्वांत जास्त अंगठे तिलाच आले. घरच्या स्क्रिप्टमध्ये घातली नव्हती. घरचं काम, दहा मिनिटांत उरकलेलं. नंतर घालू म्हटलं होतं.

गेल्या वर्षीची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. कारखान्यात आदल्या दिवशीच पूजा झाली. आमच्या सर्व्हरच्या कपाटांनाही हळद-कुंकू लागलं, दाराला केळीचे खुंट बांधले, फाटकाशी कोहळा फोडला. मी साताऱ्याची असले तरी आता या दिवशी कामाच्या वस्तूला हात लावायचा नाही हे अंगवळणी पडलं आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी नंदिता वर आली. तिच्या हातात चंदनाची वाटी होती.

"प्राची, पुस्तकें मांडलीं सरस्वतीपुढें. मामंजी म्हणतात, त्यांचें खरें पुस्तक ती डिस्कच आहे, तीही ठेव. काढूं का? काढली तर कांहीं होतें का तिला?"

"काही होत नाही गं. बंद करून देते आणि काढ खुशाल."

"आणि कॉम्प्युटर? तो बंद करूं?"

"राहू दे चालू. त्याला जागेवरच टिळा लाव."

मी खाली गेले, डिस्क नीट बंद करून माझ्या हाताने काढून तिच्या हातात दिली. तिने पाटावर पुस्तकांवर ती ठेवली, तिला चंदन लावलं, कुंकू लावलं, शेवंतीचा ओला हार घातला, आणि काकांनी पळीतलं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. मी सुंदल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आणि गोड पोंगल घेऊन वर आले, पोटभर खाल्लं आणि झोपले. तेव्हा तीन वाजत होते.

देवापुढे मांडलेलं दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हलवायचं नसतं. विजयादशमीला सकाळी नंदिताने डिस्क पदराने पुसून जोडली. काहीच झालं नाही. परत काढून परत जोडली, तेव्हा जळका वास आला. तिची हाक ऐकून मी खाली गेले. डिस्कच्या तोंडात चंदन सुकून बसलं होतं आणि आत ओल होती.

काका खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसले होते. मी हसून म्हणाले, "काका, अजिबात काळजी करू नका. वर आहे सगळं. बॅकअप कशासाठी असतो?" ते हसणं मला अजून दिसतं. माझं मलाच.

वर जाऊन फोल्डर उघडलं. एकही फाइल नव्हती. बाजूला टाकलेल्या मेलमध्ये आदल्या दिवशीची मेल होती: 'सगळं ठीक. पाचशे बारा फाइल काढल्या.' पुसलेल्या फाइल परत मिळवायची साधनं माझ्याकडे आहेत, त्यावरही मी सूचना लिहिली आहे. चालवून बघितलं. पण त्या मोकळ्या झालेल्या जागेवर माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचा बॅकअप येऊन बसला होता, तोही माझ्याच स्क्रिप्टने आणलेला. नऊ तुकडे हाती लागले. त्यांत एका ठिकाणी नंदिताचा 'मग?' एवढा आवाज होता आणि पुढे खरखर.

मी जिना उतरले तोवर खरं सांगायचं असंच मनात होतं, देवाशपथ. पण खाली पोचले तर नंदिता तोंडावर हात धरून उभी होती. "मीच ओला हार घातला," ती म्हणाली. "अय्यो, मीच पाणी लावलें. तें वर गेलें नाहीं ना?"

"पाणी गेलं आत," मी म्हणाले. हे खरंच होतं. मग काकांनी विचारलं, वरचं काय? आणि मी म्हणाले, "ओली डिस्क जोडली तेव्हा करंट केबलमधून वर गेला असणार. वरच्यालाही धक्का बसला."

असं काही होत नाही. कुठलाही शिकाऊ माणूस हसेल. पण त्या दोघांना कोण सांगणार होतं? जाणकार मीच होते. नंदिताने मान हलवली आणि खाली बसली. काका तिच्याकडे बघत राहिले, आणि मला मनातल्या मनात हायसं वाटलं. एवढी नीच मी कधी झाले नव्हते.

जळकी डिस्क घेऊन मी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन दुकानं फिरले. दोघांनीही हात टेकले. त्यानंतर जे सुरू झालं ते मी दहा महिने बघत होते.

नंदिताने परत रेकॉर्डिंग करायचा प्रयत्न केला. संध्याकाळी फोन घेऊन बसायची. काका तोंड फिरवायचे. "कशाला? पुन्हां पाणी ओतशील." पहिल्यांदा चिडून म्हणाले असतील, मग तेच घट्ट झालं. डोक्यातून बाकी गोष्टी जात होत्या. रघु कुठे आहे हे कधी आठवायचं, कधी नाही. माझं नाव दोनदा विसरले. अंगाईच्या दोन्ही ओळी गेल्या. पण सुनेने डिस्कवर पाणी ओतलं, हे गेलं नाही. दूधवाल्याला सांगायचे, देवळात भेटणाऱ्याला सांगायचे. सकाळची कॉफी तिच्या हातून घ्यायचे नाहीत. टंब्लर ती समोर ठेवून आत जायची, मग कधी घ्यायचे, कधी गार होऊन जायची.

आणि नंदिता ते सगळं मुकाट्याने सोसत होती. स्वयंपाकघरातून आली की टीव्हीच्या रिमोटलाही हात लावायची नाही, आधी फडक्याला हात पुसायची, मग पदराला पुसायची, मग बघायची. एकदा माझा फोन तिच्यासमोर वाजला तर म्हणाली, "तूं घे, माझे हात ओले आहेत." हात कोरडे होते.

मी काय करत होते? भाजी आणून द्यायची. काकांना डॉक्टरांकडे न्यायची. नंदिताला साडी घेतली, पोंगलच्या सणाला. मला वाटायचं, भरपाई होतेय. शिवाय सोमवारच्या सूचना चालूच होत्या. स्क्रिप्टमध्ये ती ओळ घातली, लगेच विजयादशमीच्या संध्याकाळीच. बैल गेला आणि झोपा केला.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी नुंगंबाक्कमच्या एका कंपनीने मला बोलवलं होतं. त्यांच्याकडच्या नव्या पोरापोरींना बॅकअपच्या सवयी सांगायच्या होत्या. चाळीस जण, गार खोली, माझ्या नावाची पाटी. मी छान बोलले, मला बोलता येतं. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो परत आणून बघा. मेल वाचा. यशाची मेल तर आधी वाचा. लोक लिहून घेत होते. शेवटी सुष्मिता नावाच्या एका मुलीने हात वर केला आणि साधंच विचारलं, "मॅडम, तुमच्या हातून कधी डेटा गेलाय का?"

"नाही," मी म्हणाले. "अजून तरी नाही."

टाळ्या झाल्या. पिशवीत घालून एक शाल आणि फळं दिली. रिक्षात बसल्यावर माझे कान तापले होते. त्या मुलीने काही पुराव्याने पकडलं नव्हतं. काका नव्हते, नंदिता नव्हती, कोणाला वाचवायचं नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. तरी मी खोटं बोलले, आणि किती सहज. कळलं की आता हे मला लागलेलं वळण आहे. ती घाबरून केलेली चूक आहे असं दहा महिने स्वतःला सांगत होते, ते रिक्षात संपलं.

घरी आल्यावर चपलाही काढल्या नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेले. नंदिता तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. डिस्क गेली ती पाण्याने, पण वरचं सगळं आदल्या दिवशीच गेलेलं होतं, तीन वाजता. माझ्या स्क्रिप्टने पुसलं. तू विचारलं होतंस काढू का, कॉम्प्युटर बंद करू का, आणि दोन्ही वेळा मी चुकीचं सांगितलं. करंट वर जात नाही. मी ते रचलं. नंदिता, तुझ्या हातून काही गेलं नाही.

तिचं निवडणं थांबलं.

"कॉम्प्युटर बंद केला असता तर राहिलें असतें?"

"हो."

"मी विचारलें होतें."

"हो."

मला वाटलं ती ओरडेल, ताट फेकेल. मला ते हवंही होतं. तिने पदराने डोळे टिपले. म्हणाली, "दहा महिने तूं इथें रोज येत होतीस. माझ्यासमोर बसून जेवलीस. ते मला बोलायचे तेव्हां तूं भात कालवत होतीस प्राची."

मी मान खाली घातली. लाजेने माणसाला धरणी दुभंगावी असं वाटतं म्हणतात, ते खरं आहे, फक्त ती दुभंगत नाही.

"मला सांगून काय उपयोग," ती उठली. "त्यांना सांग."

काका पुढच्या खोलीत खुर्चीत होते. त्या संध्याकाळी ते चांगले होते, मला नावाने हाक मारली. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं परत सांगितलं, साध्या शब्दांत, दोनदा. ते ऐकत होते. मध्येच एकदा विचारलं, "पाचशें बारा?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता माझ्यावर काय यायचं ते येऊ दे.

"तूं सांगितलेंस तें बरें केलेंस," ते म्हणाले. मग दाराकडे बघितलं. "नंदिता. इकडे ये." ती आली. त्यांनी तिचा हात धरला. "चुकलों मी पोरी. तुज फार बोललों." एवढं बोलून ते रडू लागले, आणि नंदिताने आपला कोरडा हात त्यांच्या डोळ्यांवरून फिरवला. मी तिथून उठले. रात्री बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली. मला वाटलं, झालं. सांगून टाकलं, मोकळी झाले.

शनिवारी कंपनीची बस गाठायला मी पावणेसातला खाली आले. काका पुढच्या ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी बोटाने जवळ बोलावलं, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"प्राची, कोणाला सांगूं नको. या नंदितानें माझ्या डिस्कवर पाणी ओतलें. सगळें गेलें."

दारात नंदिता उभी होती. तिच्या हातात टंब्लर होता.

"काका, तिने नाही," मी म्हणाले. "काल सांगितलं ना मी तुम्हाला..." त्यांच्या चेहऱ्यावर कालचं काहीच नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली, ओट्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. स्क्रिप्ट, तीन वाजता, माझं खोटं. त्यांनी परत विचारलं, "पाचशें बारा?" परत डोळे मिटले. परत नंदिताला बोलावलं, परत तिचा हात धरून म्हणाले, "चुकलों मी पोरी." मग तिच्या हातून टंब्लर घेतला आणि कॉफी प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. त्यांच्या दृष्टीने ते पहिल्यांदाच होत होतं, मी मात्र चोवीस तासांत दुसऱ्यांदा तोंड काळं करून बसले होते.

बस निघून गेली होती. नंदिता फाटकापर्यंत माझ्याबरोबर आली. ती रागावलेली नव्हती, त्याहून वाईट म्हणजे तिने सगळा हिशोब शांतपणे करून ठेवलेला होता.

"उद्यां ये," ती म्हणाली. "साडेसहाला. कॉफीच्या आधीं."

"उद्या रविवार आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

नंदिताने माझ्याकडे बघितलं. दहा महिन्यांत पहिल्यांदाच तिची नजर वर होती आणि माझी खाली.

"रविवारींही कॉफी मीच देतें," ती म्हणाली.